माळ म्हणजे मोडलेले जंगल नव्हे

पुणे, नगर, सोलापूरकडच्या कमी पावसाच्या माळांवर जून आला की झाडांसाठी खड्डे खणले जातात. कुठे गिरिपुष्प लागते, कुठे सुबाभूळ. हेतू चांगलाच असतो, पण त्यामागचा विचार तपासून पाहायला हवा.

इंग्रजी अमदानीत ज्या जमिनीतून सारा येत नाही ती पडीक ठरली. पुढे 1916 मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स याने मांडले, की वनस्पतिसृष्टी टप्प्याटप्प्याने हवामानाला साजेशा अंतिम अवस्थेकडे जाते. आपल्याकडे ही अंतिम अवस्था म्हणजे जंगलच, असे धरले गेले. म्हणजे गवत ही वाटेतली पायरी, आणि माळ तिथेच अडला तर दोष कुऱ्हाडीचा, वणव्याचा नि मेंढरांचा. 1968 मध्ये अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनने सामायिक कुरणाचा दाखला दिला: प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि कुरण सर्वांचेच बुडते. त्याचे कुरण कल्पनेतले होते, तिथे गावही नव्हते आणि गावाचे नियमही नव्हते. तरी चराईबंदीला त्यातून मोठे बळ मिळाले.

या विचाराची खरी परीक्षा राजस्थानात भरतपूरला झाली. तिथली पाणथळ जागा म्हणजे माळ नव्हे, पण प्रश्न तोच होता: चराई थांबवली की निसर्ग सावरतो का? 1982 मध्ये केवलादेव राष्ट्रीय उद्यानात म्हशींना बंदी झाली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) ही निसर्गसंस्था बंदीच्या बाजूने होती. तिच्याच शास्त्रज्ञांनी पुढे अनेक वर्षे अभ्यास केला, तेव्हा उलटेच दिसले. म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांना जागा कमी पडू लागली. आपल्याच भूमिकेविरुद्ध जाणारा निष्कर्ष त्यांनी मांडला, हे मला फार मोलाचे वाटते.

1989 मध्ये वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेर या पर्यावरणशास्त्रज्ञांनी क्लेमेंट्सची शिडीच नाकारली. लहरी पावसाच्या कुरणांना ठरलेले शेवटचे टोक नसते, पाऊस, आग आणि चराई यांच्या मेळाने ती एका स्थितीतून दुसरीत जातात. पुढल्याच वर्षी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉमने दाखवले, की सामायिक संपत्ती लोक नियम करून पिढ्यान्‌पिढ्या जपतात.

दख्खनच्या माळावर हे उघड दिसते. कुसळी गवताच्या बियाला लांब पीळदार शेपटी असते. भिजली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि दर खेपेला टोकदार बी मातीत आणखी रुतते. उथळ मुरमाड जमिनीसाठी हे गवत घडलेले आहे, ते कशाचीही जागा अडवून बसलेले नाही. दिवाळीनंतर कोकणात उतरणारा आणि पावसाच्या तोंडाला परतणारा धनगराचा कळपही या व्यवस्थेचाच भाग आहे. कळप हलता राहिला तर गवताला उसंत मिळते. गायराने अतिक्रमणात गेली, वाटांवर कुंपणे आली, की उरलेल्या तुकड्यावर सगळा भार पडतो आणि तो तुकडा खरोखरच उजाड होतो.

म्हणून माळ सावरायचा तर आधी गिरिपुष्प, सुबाभूळ अशी बाहेरून आणलेली झाडे काढावी लागतात. पावसाच्या सुरुवातीला मारवेल, पवन्या या गवतांचे ठोंब लावावेत, बी झडेपर्यंत चराई थांबवावी, मग कापणी आणि पाळीपाळीने चराई. पाळी ठरवताना मेंढपाळ बैठकीत हवाच.

येत्या जूनमध्ये तुमच्या गावाने माळावर खड्डे घ्यायचे ठरवले, तर पहिली कुदळ पडण्याआधी तिथे कोणते गवत उगवते आणि कोणाची जनावरे चरतात, एवढे ग्रामसभेत विचारा.