आत्याचं पाणी

दशलक्षण पर्वात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचं वाचन होतं. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी अहिंसाव्रताचे पाच अतिचार येतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी रोखणं. समजावून सांगताना पंडितजी उदाहरण देतात ते बैलाचं, गाईचं. आता आमच्या दारात ना बैल ना गाय. त्यामुळे या पाचांशी आपला काही संबंध उरला नाही, अशी माझी समजूत होती.

माझी आत्या ब्याऐंशी वर्षांची. मूलबाळ नाही. दोनदा घरात पडली, दुसऱ्यांदा खुब्याचं हाड मोडलं. माझ्या घरी जिना आणि माझेच गुडघे धड नाहीत. आम्ही भावंडांनी मिळून तिला इथल्याच एका वृद्धाश्रमात ठेवलं. बघायला गेलो तेव्हा मी सगळं निरखून पाहिलं. फरशी कोरडी, न्हाणीघरात धरायला दांडे, कांदा-लसूण नसलेलं वेगळं जेवण, दारावर कॅमेरा. ऑफिसात सांगितलं, "आमच्याकडे वर्षभरात एकही माणूस पडलेलं नाही." मी म्हणाले, "काहीही करा, पण तिला पडू देऊ नका." हे वाक्य माझं होतं, ते आधीच सांगून टाकते.

मी नेहमी सकाळी अकराला जायची. एकदा लग्नाहून परतताना संध्याकाळी सातला गेले. आत्या खुर्चीत बसली होती. कमरेभोवती जुन्या साडीची पट्टी, तिची गाठ खुर्चीच्या पाठीमागे. ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, "पाणी दे गं."

मावशी धावत आल्या. "सहानंतर पाणी देत नाही ताई. रात्री लघवीला उठतात, मग पडतात. आणि तुमच्यात नाहीतरी दिवस मावळल्यावर पाणी चालत नाही ना?"

आत्यानं तरुणपणापासून सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम पाळला होता. रात्रीच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिनं स्वतः महाराजांना विचारून पाण्यापुरती सूट घेतली. ती मावशींना काही बोलली नाही. मला म्हणाली, "नेम माझा होता. हा यांचा आहे."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तहान तीच, वेळ तीच. पण स्वतः सोडलेलं पाणी हे तप आहे आणि दुसऱ्यानं बंद केलेलं पाणी हा निरोध. दोन्हींतला फरक तांब्यात दिसत नाही, तो माणसाच्या इच्छेत असतो. सुरक्षिततेचंही तसंच नाही का?

मावशींवर रागावणं सोपं होतं. पण रात्री अठरा म्हाताऱ्यांमागे त्या एकट्या. त्यांच्यावरचं ओझं हाही अतिचारच, आणि तो कुणाचा? महिन्याच्या पैशांत हजार रुपये कमी करा म्हणून घासाघीस आम्हीच केली होती. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धाश्रमांची व्यवस्था आणि सेवा यांचे निकष ठरवायची मुभा राज्यांना दिलेली आहे. निकष हवेतच. दांडे, उजेड, डॉक्टर, आगीपासून बचाव, सगळं कागदावर असायला हवं. पण "कोणी पडलं नाही" हा निकष बांधून ठेवूनही पुरा करता येतो. असा आकडा ऑफिसला उपयोगी, आणि आम्हालाही, कारण आम्हाला त्यावर झोप लागते.

कुणी म्हणेल, मग पडू द्यायचं का? हा प्रश्न खोटा नाही. मोडलेला खुबा मी पाहिला आहे. पण बसून बसून पाय दुबळे होतात, पाणी कमी पडलं की लघवीचा त्रास होतो, चक्कर येते आणि माणूस जास्तच पडतं. आणि समजा, बांधून खरंच सुरक्षित ठेवता आलं असतं तरी? आत्याची बुद्धी शाबूत आहे. चार पावलं चालायची जोखीम तिची आहे. माझी भीती माझी आहे, तिची किंमत तिनं का मोजायची? ज्यांना स्वतःचं भान उरलेलं नाही त्यांच्याबाबतीत निर्णय अवघड, हे कबूल. पण तिथंही दोरीच्या आधी माणूस शोधायला हवं.

आम्ही पुन्हा ऑफिसात गेलो. मी माझं वाक्य मागे घेतलं. पट्टी बांधायची नाही, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवायचा, पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणि रात्रभर छोटा दिवा, एवढं लिहून घेतलं. तीन-चार घरांनी मिळून रात्रीच्या दुसऱ्या मावशींचे पैसे वाढवून दिले. आता मी मुद्दाम अवेळी जाते. फरशी नंतर बघते, आधी ओठ बघते.

चार महिन्यांनी आत्या पडली. हाड वाचलं, कोपर काळंनिळं झालं. भावाचा फोन आला, "सांगत होतो ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी गेले तर ती दुसऱ्या हातानं तांब्यातलं पाणी ओतून घेत होती. मी पुढे झाले तशी म्हणाली, "राहू दे, मी घेते."

मी हात मागे घेतला. सोपं नव्हतं ते.