न जन्मलेल्यांचे देणे



एखाद्याचे नुकसान केले तर ते भरून द्यावे, हे आपण सर्वजण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. चोरीच्या पापाची क्षमा मिळाली तरी चोरलेली वस्तू परत करावीच लागते. पण ज्याचे नुकसान होणार तो माणूस अजून जन्मालाच आला नसेल तर? त्याचेही आपण काही देणे लागतो काय? प्रश्न पुस्तकी वाटेल. परंतु स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरील डूनरे या ठिकाणी शेकडो माणसे रोज कामावर जातात, ती एका अर्थाने याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी.

डूनरे येथे ब्रिटनने १९५५ साली अणुसंशोधन केंद्र उभारायला घेतले. अणुभट्टीने इंधन वापरता वापरता नवे इंधनही निर्माण करावे, असा तेथील शास्त्रज्ञांचा ध्यास होता. तेथील भट्टीने १९६२ साली देशाच्या वीजजाळ्याला वीज पुरवली. जवळच्या थर्सो या लहान गावाची वस्ती जवळजवळ तिप्पट झाली, अनेक हातांना काम मिळाले. हेतू वाईट नव्हता. महायुद्धाने पोळलेल्या देशाला ऊर्जा हवी होती. पुढे १९७७ मध्ये ही भट्टी आणि १९९४ मध्ये तिच्यानंतरची मोठी भट्टी बंद झाली. मागे राहिला तो कचरा.

समुद्राखालून सांडपाण्याचा बोगदा खणताना दगडमाती वर काढण्यासाठी तेथे सुमारे ६५ मीटर खोल, विहिरीसारखा खड्डा केलेला होता. काम संपल्यावर तो बुजवला नाही. १९५९ पासून त्यात किरणोत्सारी कचरा टाकला जाऊ लागला. हे कोणी चोरून करत नव्हते. त्याला रीतसर परवानगी होती. मे १९७७ मध्ये आत पडलेल्या सोडियम व पोटॅशियमचा पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन वायू तयार झाला, स्फोट झाला आणि वरचे जड झाकण उडाले. तेव्हा टाकणे थांबले. टाकलेले मात्र तेथेच राहिले. १९९८ साली तो सगळा कचरा बाहेर काढायचे ठरले. भोवतीच्या खडकाच्या फटींत सिमेंट भरून आत झिरपणारे पाणी अडवण्यात आले. जे टाकायला काही क्षण लागले, ते काढण्याच्या तयारीतच दशके गेली.

दुसरी गोष्ट वाळूच्या कणाएवढी लहान आहे. वापरलेले इंधन पाण्याखाली कापताना जो बारीक किस निघाला, त्यातला काही सांडपाण्याबरोबर समुद्रात गेला. १९८० च्या दशकात ते कण किनाऱ्यावर सापडू लागले. १९९७ मध्ये सांडपाण्याच्या मुखाभोवती दोन किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी घालण्यात आली. ब्रिटनच्या अणुऊर्जा प्राधिकरणाने २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला १,४०,००० पौंड दंड झाला. पुढे दूरनियंत्रित यंत्राने समुद्रतळ धुंडाळून कण वेचण्यात आले. तरीही समुद्रतळ पूर्ववत करण्याचे उद्दिष्ट स्कॉटलंडच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये सोडून दिले. शेवटचा कण शोधण्याच्या नादात तेथील जीवसृष्टीचीच अधिक हानी झाली असती.

आता विचार करू या. आज ही सफाई करणारे कामगार हा कचरा टाकणारे नव्हेत. त्यांतले कित्येक त्या स्फोटानंतर जन्मलेले आहेत. खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे आजच्या करदात्यांच्या खिशातून होतो. मग याला उपकार म्हणायचे की कर्तव्य?

संत थॉमस अक्विनास न्यायाची चर्चा करताना सांगतात, की माणसाने दुसऱ्याचे काही घेतले नसले तरी त्याने ज्याचे नुकसान केले, त्याची त्या नुकसानीच्या मापाने भरपाई करणे त्याला बंधनकारक आहे. येथे मोजमाप आपल्या लाभाचे नाही, समोरच्याच्या हानीचे आहे. चांगल्या हेतूने दोष हलका होईल, देणे हलके होत नाही. सरकारी परवानगीनेही ते फिटत नाही.

आणि पुढच्या पिढीचे काय? घर आणि शेत वारसाने घेणारा मुलगा त्यांवरचे कर्जही घेतो, हे आपल्याला समजते. डूनरेच्या विजेचा, ज्ञानाचा आणि समृद्धीचा वारसा ज्यांना मिळाला, त्यांनी त्यावरचे कर्जही घेणे न्यायाचे आहे. परंतु आणखी काही पिढ्यांनी जे जन्मतील त्यांचे तसे नाही. ती वीज केव्हाच वापरून झाली, ते पगार केव्हाच खर्च झाले. त्यांच्या वाट्याला घर नाही, शेत नाही, नुसते कर्ज. ते आज तक्रार करू शकत नाहीत, मत देऊ शकत नाहीत, न्यायालयात उभे राहू शकत नाहीत. ज्याला तोंड नाही त्याच्याशी आपण कसे वागतो, येथेच न्यायाची कसोटी लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पुढील पिढ्यांविषयीच्या जबाबदारीला मर्जीची बाब न मानता न्यायाचा प्रश्न मानले, ते याच कारणाने.

अडचण अशी, की हे देणे पूर्णपणे फेडता येत नाही. किरणोत्सारी सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मे होते. त्याचा हजारावा हिस्सा उरायला ३०० वर्षे लागतात. प्लुटोनियम-२३९ निम्मे व्हायला तर सुमारे २४,००० वर्षे हवीत. २०२० मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार डूनरेची जमीन इतर वापरासाठी मोकळी होण्यास २३३३ साल उजाडेल. आपण तितकेच मागे गेलो, तर चिमाजी अप्पांची १७३९ ची वसईची मोहीमही अजून झालेली नसेल!

जे फेडता येत नाही, त्याबाबत माणूस मोकळा होतो काय? आम्हाला तसे वाटत नाही. उरलेल्या देण्याचे रूप तेवढे बदलते. पहिले देणे सत्याचे: काय, कोठे, किती टाकले, हे न लपवता नोंदवून ठेवणे. डूनरेपासून जवळच विक या गावी २०१७ साली ब्रिटनच्या नागरी अणुउद्योगाचे दप्तर जपणारे अभिलेखागार उघडले, ते याचसाठी. दुसरे, ओझे पुढच्याला पेलेल असे बांधून देणे: डूनरे येथे द्रवरूप कचरा सिमेंटमध्ये घट्ट करून पोलादी पिंपांत भरला जातो. तिसरे, राखण करणे आणि राखणदार नेमून जाणे. यांतले काहीच दयेपोटी दिलेले दान नव्हे. देणेकऱ्याने भरलेले हे हप्ते आहेत.

टाकून दिले म्हणजे संपले, असे आपण सहज मानतो. नजरेआड केलेली वस्तू कोणाच्या तरी दारात कधीतरी उघडी पडणारच असते. ती कोणाच्या दारात पडेल, हा प्रश्न टाकण्यापूर्वी विचारला तर उत्तराला एक क्षण पुरतो. टाकल्यानंतर विचारला, तर तीनशे वर्षेही लागू शकतात.