पत्नी पुढे, पती मागे

ज्या घरात पत्नीचा शब्द चालतो त्या घरातील पतीस आपल्या गावांत काय म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नको. त्यास बाईलबुद्ध्या म्हणतात, बायकोच्या ताटाखालचे मांजर म्हणतात. तो बायकोच्या ओंजळीने पाणी पितो, असे पारावर बोलतात. उलटपक्षी, जी स्त्री पतीच्या शब्दाबाहेर पाऊल टाकीत नाही तिला हिणविण्यास भाषेत असा एकही शब्द तयार ठेविलेला नाही. तिला पतिव्रता म्हणतात. म्हणजे खटला चालण्यापूर्वीच लोकांनी निकाल देऊन ठेविला आहे. तो न्यायाचा आहे काय? पत्नी पुढे व पती मागे असे ज्या जोडप्यात चालते तेथे त्यांच्या प्रेमाची, पतीच्या मानाची, आणि बायकांची कामे व पुरुषांची कामे अशी जी वाटणी आपण करून बसलो आहो तिची काय गत होते? हा प्रश्न आज आम्ही विचारास घेतो.

ह्या प्रश्नाकरिता फार दूर जाण्याचे कारण नाही. तेरणेच्या काठचे तेर हे गोरा कुंभाराचे गाव. त्यांच्या संसाराची जी कथा ह्या भागात पोरासोरांस पाठ आहे, तीच महिपतीने १७६२ साली लिहिलेल्या भक्तविजयात सांगितली आहे. आम्ही ती इतिहास म्हणून नव्हे, आख्यायिका म्हणून घेतो. पण जी कथा लोक शतकानुशतके सांगत आले तीत लोकांचे मन सापडते. पत्नी पाणी आणावयास गेली असता गोरोबा भजनाच्या तंद्रीत माती तुडवीत होते, आणि रांगते मूल त्या चिखलात आले ते पायांखाली तुडविले गेले. परत आलेल्या पत्नीने आकांत मांडिला, नवऱ्यास वाटेल तसे बोलली. तेव्हा भजनात खंड पडला म्हणून तो तिला मारावयास धावला. तिने विठ्ठलाची शपथ घातली: मला हात लावू नका. त्या घटकेपासून गोरोबांनी तिला स्पर्श केला नाही. पुढे वंश चालावा म्हणून तिनेच आपली धाकटी बहीण त्यास करून दिली. परंतु लग्नात सासऱ्याने सांगितले की दोघींस सारखेच वागवा, आणि हा शब्दही त्यांनी तंतोतंत पाळिला. म्हणजे धाकटीसही शिवले नाहीत. शेवटी एका रात्री दोघींनी झोपेत त्यांचे हात आपल्या अंगावर घेतले, आणि जागे होताच शपथ मोडली म्हणून त्यांनी आपले हातच तोडिले. पंढरपुरास ते हात व ते मूल परत मिळाले, असा कथेचा शेवट आहे.

कथाकार ह्यात भक्ताची निष्ठा पाहतात. आम्ही संसाराच्या बाजूने पाहतो. ह्या घरात पत्नीची आज्ञा चालली, यात शंका नाही. आणि कोणी म्हणेल, पाहा, बाईचा शब्द चालला आणि घर बुडाले. पण तिचा राग अन्यायाचा होता काय? पोटचे मूल गेले आणि वर नवऱ्याने हात उगारिला, अशा वेळी त्या बाईजवळ शपथेवाचून दुसरे शस्त्र तरी कोणते होते? आमच्या मते घर बुडाले ते दुसऱ्याच कारणाने. तिचे शब्द पाळण्यात आले, तिचे दुःख मात्र कोणी ऐकून घेतले नाही. इतक्या वर्षांत ती दोघे एकदाही समोरासमोर बसून त्या मुलाविषयी बोलली, असे कथेत कोठे येत नाही. नवरा आज्ञा पाळीत राहिला, आणि ते पाळणेच तिला शिक्षा होऊन बसले. असे आज्ञापालन आम्ही आमच्याही गावांत पाहतो. 'तू म्हणशील तसे' असे म्हणून जो पती तोंड फिरवितो आणि पुढे काही बिघडले की 'तुझ्याच मनासारखे केले ना' असे ऐकवितो, त्याने पत्नीस पुढे केले असे आम्ही समजत नाही. त्याने तिला एकटी सोडिली.

ह्याच्या अगदी निराळे असे एक घर आमच्या वाचकांच्या परिचयाचे आहे. ते रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई ह्यांचे. प्रथम ह्या घरात पतीच पुढे होता, आणि कसा! मनात येईल तेव्हा घर सोडून निघावे, पत्नीने वाट पाहत बसावे. १८९५ साली त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तोही तिच्यावाचून. पुढे कित्येक वर्षे ती नातलगांत वेगळी राहिली. तिने १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो स्वतःचे मन वळले तेव्हा. नगरच्या संसारात चित्र पालटलेले दिसते. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, मागेल त्यास देऊन ते मोकळे होत. तेव्हा मीठमिरचीची चिंता व व्यवहाराचे भान लक्ष्मीबाईंकडे आले. दोघांची भांडणे होत, तीही मोठ्याने. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे' ह्या आपल्या पुस्तकात बाईंनी ती अशी हसतहसत सांगितली आहेत की, ज्याला पत्नी इतके हसू शकली त्या पतीचा अपमान झाला असे वाचणाऱ्यास एकदाही वाटत नाही. टिळकांचे कवित्व तिच्या कारभाराने उणे झाले नाही. आणि जिला अक्षरओळखही त्यांच्याच हट्टाने झाली, तिने १९१९ साली ते वारल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले. ह्या घरात पुढे कोण होते? आम्ही म्हणतो, ज्या कामात ज्याचे डोळे उघडे तो.

पती हा पत्नीचे मस्तक आहे ह्या प्रेषिताच्या वचनाचे काय, असे आमचे काही बंधू विचारतील. त्यांनी तोच अध्याय थोडा वरून वाचावा, म्हणजे सर्वांनीच एकमेकांच्या अधीन व्हावे हे त्यांस आढळेल. त्याच प्रेषिताबरोबर राहुट्या करणारे जे जोडपे होते त्यात प्रिस्किल्लेचे नाव बहुतेक ठिकाणी अक्विलाच्या आधी येते, आणि अपुल्लोसासारख्या विद्वानास दोघांनी मिळून शिकविले. ह्याबद्दल अक्विला रुसून बसला, असे काही लिहिलेले नाही.

आता आजच्या गोष्टीकडे येऊ. शेतकरी संघटनेचे शरद जोशी ह्यांनी १९९०च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' नावाची चळवळ चालविली. तीत पतीने आपल्या जमिनीचा काही भाग आपखुशीने पत्नीच्या नावावर करावयाचा, आणि ज्या गावात शंभर घरांनी असे केले त्याचा गौरव व्हावयाचा. आमच्या मते ह्यातली खरी विशेष गोष्ट ती शंभराची. एकट्याने केले असते तर गाव त्यास हसले असते. शंभरांनी केले तेव्हा हसावयास उरले कोण?

ग्रामपंचायतीत स्त्रियांस एकतृतीयांश जागा १९९०नंतरच्या दशकात मिळाल्या, आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. तथापि सरपंच बाई आणि खुर्चीवर तिचे यजमान, हा प्रकार इतका वाढला की 'सरपंचपती' असा नवा शब्दच निघाला. बचत गटाचेही तसेच. कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या हाती, आणि हप्त्याच्या दिवशी गटापुढे मान खाली घालावयाची ती पुन्हा बाईनेच. ह्यापेक्षा उघडपणे पतीची आज्ञा चालत होती ते बरे, असे म्हणावेसे वाटते. निदान तेव्हा जबाबदारीही त्याच्याच नावे लागत असे.

आणि जेथे बाई खरोखरच कारभार पाहते तेथेही एक गोष्ट राहून जाते. तिच्याकडे नवे काम आले, जुने मात्र कोणी उचलले नाही. पंचायतीची सभा आटोपून ती घरी येते तेव्हा चूल थंड असते, हंडा रिकामा असतो, आणि यजमान ओट्यावर बसून म्हणतात, 'आमच्या घरी सगळे तीच पाहते.' आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याची खेप म्हणजे काय, हे ज्याने हंडा उचलला त्यास कळेल. काही पती भले आहेत. ते भाकरी थापतात, भांडी घासतात, पण दार लावून. पाणी आणतात ते उजाडण्यापूर्वी, कोणी पाहणार नाही अशा वेळी. कारण दिवसाढवळ्या पुरुष घागर घेऊन पाणवठ्यावर गेला की हसणारे केवळ पुरुषच नसतात. सर्वांत मोठ्याने हसतात त्या त्याच्या आईच्या वयाच्या बाया, ज्यांनी जन्मभर ती घागर एकट्यानेच वाहिली.