दीडपट वेगातला हरिपाठ



आजचं चिंतन: हरिपाठ, अभंग पहिला.

आधी कबुली. गेले जवळपास चार महिने मी लोकलमध्ये हरिपाठ दीडपट वेगावर ऐकतोय. ठाण्याला लावला की दादरच्या आत संपतो. मग ॲपवर टिक. सलग ११२ दिवस! मला त्याचा अभिमानही होता.

परवा आईचा व्हॉइस मेसेज आला. तो सवयीने दुप्पट वेगावर ऐकला. पाऊस, मावशीकडचं बारसं, आणि शेवटी, "डॉक्टरांकडे जाऊन आले. बाकी काही नाही." मी अंगठा पाठवून मोकळा.

रात्री ताईचा फोन. "आईच्या डोळ्यांचं कळलं ना तुला?"

मेसेज पुन्हा लावला, साध्या वेगात. "जाऊन आले" म्हटल्यावर आई थांबलीये. मागे कुकरची शिट्टी होते, तरी ती गप्पच. मग म्हणते, बाकी काही नाही. तिचं ते थांबणं मला आधी ऐकूच आलं नव्हतं.

पहिल्या अभंगात माउली मागतात तरी किती? देवाच्या दारात क्षणभर उभं राहा. उभं राहा, बरं का. धावता धावता हात जोडणं नव्हे. आणि वारकरी हरिपाठ म्हणतात तेव्हा ध्रुपद पुन्हा पुन्हा घेतात. आपल्या ऑफिसच्या हिशेबात हा निव्वळ वेळेचा अपव्यय! पण गंमत बघा, पुण्याची मोजदाद करत बसू नका, हेच त्या ध्रुपदात आहे. आणि मी ११२ मोजतोय.

कामं खरंच असतात, नाही म्हणत नाही. ईएमआय काही नामाने फिटत नाही. पण 'बिझी आहे' हे आपण पदवीसारखं मिरवतो, आणि वाचवलेली ती दहा-पंधरा मिनिटं जातात कुठे? माझी तरी रील्समध्ये गेली. आजी म्हणायची, "घटकाभर बस." घटका म्हणजे २४ मिनिटं. मी आईला एक अंगठा दिला.

काल तिला फोन केला. उचलल्यावर पहिला प्रश्न, "कामात नाहीस ना रे?" हा प्रश्न तिला मीच शिकवलाय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय.

आज हरिपाठ साध्या वेगात लावला. दादर आलं तेव्हा बरेच अभंग उरले होते. उद्याही पहिलाच अभंग घेऊ.