हया कोणती, भीती कोणती?

काही वर्षांपूर्वीच्या रमजानमधली गोष्ट. मोहल्ल्यातील एका हाफिज तरुणाला मी तरावीहच्या दोन रकअती पढवण्यास सांगितले. कुरआन त्याला माझ्याहून अधिक पक्का पाठ होता. परंतु मुसल्ल्यावर उभा राहताच त्याचे हात थरथरू लागले, आवाज घशात अडकला आणि सूरह फातिहाच्या मध्यावरच तो थांबला. नमाजनंतर त्याला बाजूला घेऊन मी जे बोललो, ते आठवले की आजही मान खाली जाते. मी म्हणालो, ‘‘लोकांना काय भितोस? भ्यायचे तर अल्लाहला भ्यावे. तुझे ईमान कमजोर आहे.’’

तो काहीच बोलला नाही. मात्र त्यानंतर तो जुम्याच्या नमाजलाही येईनासा झाला. पुढे कळले की तो लग्नाच्या दावतीला जात नाही, दुकानात गर्दी दिसली तर रिकाम्या हाताने परततो, नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या रात्री त्याला झोप लागत नाही आणि सकाळी तो घराबाहेर पडत नाही. घरची माणसे कौतुकाने म्हणत, ‘‘पोरगा मोठा हयादार आहे.’’ मी त्याला ईमानची कमजोरी म्हटले, घरच्यांनी हया म्हटले. आम्ही दोघेही चुकलो होतो.

हया हा ईमानचा भाग आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपल्या मुलामुलींना पाठ असते. प्रश्न असा की प्रत्येक संकोचाला हया म्हणता येईल काय? माझ्या अल्पमतीनुसार त्याची कसोटी सोपी आहे. हया माणसाला वाईटापासून रोखते. जो संकोच चांगल्यापासून रोखतो, नमाजच्या जमाअतपासून, ज्ञानापासून, हलाल रोजीपासून, आप्तांच्या भेटीपासून तोडतो, त्याला हयेचे नाव देणे म्हणजे हयेचाच अवमान करणे होय. हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा केली ती याचसाठी की धर्म समजून घेताना हया त्यांच्या आड आली नाही.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. प्रेषितांनी (स.) सहाबांना एक कोडे घातले : ज्याची पाने गळत नाहीत आणि ज्याला मोमिनची उपमा शोभते, असे झाड कोणते? लहानग्या अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात उत्तर आले होते, खजुराचे झाड. पण वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्यांना बोलण्याचा संकोच वाटला. नंतर त्यांनी हे वडिलांना सांगितले. हजरत उमर (रजि.) रागावले नाहीत. तू बोलला असतास तर मला ते मोठ्या दौलतीहून प्रिय झाले असते, अशा आशयाचे ते बोलले. मुलाचा संकोच हा काही आजार नव्हता, ते वडीलधाऱ्यांविषयीचे अदब होते. तरीही ‘असाच गप्प राहा’ असे पित्याने म्हटले नाही आणि त्याला लज्जितही केले नाही.

आता माझ्या आरोपाकडे वळतो. लोकांच्या नजरेची भीती हा ईमानचा दोष आहे काय? कोणी म्हणेल की लोकांकडे लक्ष लागणे म्हणजे रिया. परंतु रिया करणाऱ्याला लोकांनी आपल्याकडे पाहावे असे वाटते, तर या तरुणाला कोणीच पाहू नये असे वाटते. शिवाय रिया ही नियत आहे, माणूस ती निवडतो. थरथरणारे हात आणि धडधडणारे काळीज कोणी निवडत नाही. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही, हे सूरह बकराच्या अखेरीस आपण नेहमी वाचतो. मग तो भार टाकणारे आपण कोण?

आणि हजरत मूसा (अलै.) यांचे काय? फिरऔनकडे जाण्याचा आदेश झाला तेव्हा आपली छाती आखडते, जीभ मोकळी चालत नाही, असे त्यांनी आपल्या पालनकर्त्याला सांगितले. छाती खुली व्हावी, जिभेची गाठ सुटावी अशी दुआ केली आणि सोबतीला भाऊ हारून (अलै.) मागितले. ‘तुझे ईमान कमजोर आहे’ असे उत्तर त्यांना मिळाले नाही. दुआ कबूल झाली, सोबतीही मिळाला. त्याआधी काठीचा साप झाला तेव्हा ते पाठ फिरवून पळाले होते. त्यांना परत बोलावण्यात आले आणि तोच साप हाती धरण्यास सांगण्यात आले. आधी एकांतात, मग दरबारात. कुरआन हा वैद्यकाचा ग्रंथ नव्हे, परंतु घाबरलेल्या माणसाला कसे वागवावे, याचा अदब त्यात आहे.

प्रेषितांनी (स.) इलाज करण्याची आज्ञा दिली आणि वार्धक्य वगळता प्रत्येक रोगाला अल्लाहने औषध ठेवल्याचे सांगितले. रोग केवळ शरीराचाच असतो असे आपल्या पूर्वसूरींनी मानले नाही. बल्ख येथील विद्वान अबू जैद अल-बल्खी (मृत्यू इ.स. 934) यांनी ‘मसालिहुल अब्दान वल-अन्फुस’ या ग्रंथात शरीराच्या बरोबरीने मनाच्या आरोग्याची चर्चा केली. घरात औषधे जपून ठेवावीत तसे स्वस्थ विचार मनात साठवून ठेवावेत, आणि ज्याची भीती वाटते त्याची डोळ्यांना व कानांना सवय लावावी, असा त्यांचा उपदेश आहे.

आजचे मानसशास्त्र या त्रासाला ‘सोशल अँझायटी’ म्हणते आणि त्यावर परिणामकारक उपचार आहेत. पहिला उपचार संवादाचा, ज्याला सीबीटी म्हणतात. ‘सगळे मलाच पाहत आहेत, माझी फजिती होणार’ हा विचार तज्ज्ञाच्या मदतीने तपासायचा आणि टाळलेल्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे जायचे. प्रसंग टाळला की त्या क्षणी हायसे वाटते, पण भीती मात्र आणखी बळावते. दुसरा उपचार गोळ्यांचा. डॉक्टर यासाठी सहसा ज्या गोळ्या देतात त्या नशेच्या नसतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि त्या मनानेच एकदम बंद करू नयेत. रमजानमध्ये गोळी सहरीला घ्यावी की इफ्तारला, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र झोपेच्या किंवा ‘शांत करणाऱ्या’ गोळ्या स्वतःच्या मनाने आणून खाऊ नयेत, त्यांतील अनेकांची सवय लागते. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीत बोलता येते. गर्दीला भिणाऱ्यासाठी फोन ही चांगली पहिली पायरी आहे.

जिक्र आणि दुआ सोडावी असे मी म्हणत नाही. चिंता, दुःख आणि भित्रेपणा यांपासून प्रेषित (स.) स्वतः अल्लाहचा आश्रय मागत असत. परंतु दुआ ही इलाजाची सवत नव्हे. जो आमिल ताविजाचे हजारो रुपये घेतो आणि डॉक्टरकडे जाऊ नका म्हणतो, तो तवक्कुल शिकवत नाही. उंट बांधून मग भरवसा ठेवणे, हे तवक्कुल होय.

मी त्या तरुणाच्या घरी गेलो आणि त्याची माफी मागितली. पुढे त्याच्या मामूंनी त्याला डॉक्टरांकडे नेले. सीबीटीतील पायऱ्या ठरवताना त्याने एक पायरी मशिदीसाठी राखली. आधी फज्रला शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ. काही महिन्यांनी पुढच्या सफमध्ये. एके दिवशी, जमाअतमध्ये अवघे पाच-सहा जण असताना, त्याने इकामत दिली. आवाज कापत होता. कोणी वळून पाहिले नाही, आणि हीच त्या दिवशीची सर्वांत मोठी मदत होती. तरावीह त्याने अद्याप पढवलेली नाही. मीही घाई करत नाही.

आपल्या घरात असे मूल असेल तर पाहुण्यांसमोर त्याला बळेच बोलायला लावू नका, आणि त्याच्या गप्प राहण्याचे कौतुकही करू नका. त्याचे हारून व्हा. अल्लाह आपल्या सर्वांच्या छाती खुल्या करो आणि जिभेच्या गाठी सोडवो. आमीन.