मूल स्वतःहून काय करतं?

तीन वर्षांचं पोर हाकेला ओ देत नाही, नजर मिळवत नाही, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ओढायचा सोडून त्याला उलटा करून चाकच फिरवत बसतं. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौसर भागात अशा घराला पहिला सल्ला मिळतो तो थांबण्याचा: बापही उशिराच बोलला होता. दुसरा जामसावळीच्या मारुतीला नेण्याचा. त्याला हसू नये. तिथे चिठ्ठी लागत नाही आणि कुणी परत पाठवत नाही. तिसरा सल्ला नागपूरच्या थेरपी केंद्राचा. पांढुर्ण्याहून ते सुमारे शंभर किलोमीटर. दर आठवड्याला जायचं तर संत्र्याच्या बागेत कामाला जाणाऱ्या आईची मजुरी बुडते, आणि प्रवासातल्या गोंगाटाने बावरलेलं पोर शांत होईपर्यंत थेरपीची वेळ संपत येते.

म्हणून या भागाला मोठ्या केंद्राआधी स्वमग्न मुलांसाठी थेरपी सहायक हवेत, असं माझं मत आहे. म्हणजे गावातलीच, शिकलेली, घरी जाऊन मुलाबरोबर बसणारी माणसं. पण त्यांनी तिथे बसून करायचं काय, यावर सगळं अवलंबून आहे.

प्रगती म्हणून पालकांना जे दाखवलं जातं, ते बहुधा आज्ञापालन असतं. मूल दहा मिनिटं खुर्चीवर बसलं, सांगितल्यावर नमस्ते केलं, हात हलवणं थांबवलं. या पद्धतीचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी १९८७ साली आठवड्याला चाळीस तासांच्या अशा शिकवणीचे निष्कर्ष मांडले. तासन्‌तास मुलांसमोर बसणारे तिथे बहुतेक विद्यार्थीच होते. नंतर मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींनीच लिहून-बोलून सांगितलं, की हात दाबून ठेवायला शिकण्यात आमची दमछाक झाली, बोलणं सोपं झालं नाही. ही तक्रार मला निर्णायक वाटते.

वेगळी वाट दाखवणारं काम मराठी मुलखाच्या शेजारीच झालं. गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटाने दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त छापून आला. तिथे थेरपी देणारे विशेषज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा भेटी. आई मुलाशी खेळते त्याचं चित्रीकरण करायचं, मग आई आणि कार्यकर्तीने मिळून ते बघायचं: इथे त्याने चमच्याकडे पाहिलं, तुम्ही मात्र चेंडू पुढे केला. आईचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुलांनी आपणहून आईशी संवाद सुरू करण्याचं प्रमाण वाढलं. सगळंच सुधारलं असंही नाही. आई-मुलाचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ उलट कमी झाला. तरीही मोजलं काय, हे मला महत्त्वाचं वाटतं: मूल स्वतःहून काय करतं.

त्या लाकडी बैलाचंच घ्या. आज्ञा मोजणारा सहायक तो हातातून काढून घेईल. दुसरा शेजारी बसून चाक फिरवेल, मध्येच बोट लावून थांबवेल आणि वाट बघेल. मुलाने त्याचा हात चाकाकडे ओढला, तर तो निरोप झाला. हे वाट बघणं फार कठीण काम आहे, आणि ते आईला शिकवून स्वतः बाजूला होणं त्याहून कठीण.

इथे भाषेचा प्रश्न येतोच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौसर तेव्हा ज्यात होतं तो छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. घरी मराठी, अंगणवाडीत आणि कागदपत्रांत हिंदी, मोबाइलवर इंग्रजी गाणी. ‘मूल गोंधळेल, एकच भाषा बोला,’ असं अशा घरांना सर्रास सांगितलं जातं, आणि ती एक भाषा क्वचितच आजीची असते. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी लांबतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. आजीची भाषा बंद केली की त्या मुलाशी बोलणारं एक माणूस कमी होतं, इतकंच. घरची मराठी बोलणारा सहायक म्हणूनच हवा.

कायदा उशिरा का होईना, आला आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांतही आहे. २०२१ पासून भारतीय पुनर्वास परिषदेचा गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. पांढुर्णा आणि सौसर मिळून जिल्हा झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये. अंगणवाड्यांतल्या दिव्यांग मुलांसाठीची केंद्र सरकारची कार्यपद्धती आली पुढच्याच महिन्यात. हा योगायोग जिल्ह्याने वाया घालवू नये.

धोका एकच दिसतो: ‘गावातलीच आहे’ म्हणून सहायिकेला मानधनावर राबवायचं, अडलं तर विचारायला कुणी द्यायचं नाही आणि निकाल मात्र थेरपिस्टचे मागायचे. गोव्यातही कार्यकर्त्यांच्या मागे नियमित देखरेख होती. ती वगळली तर तो प्रयोग उरत नाही. तेव्हा जिल्हा प्रशासनाला सांगणं एवढंच: दोन्ही तालुक्यांत मराठी बोलणारे सहायक नेमा, नागपूरच्या किंवा छिंदवाड्याच्या तज्ज्ञांशी त्यांची दर आठवड्याला गाठ घालून द्या, ती फोनवर झाली तरी चालेल, आणि त्यांना मानधन नको, पगार द्या.