बंदूक कुणाच्या हाती?

परळच्या आमच्या शाळेत सातवीच्या एका मुलाने विचारले, "गुरुजी, अमेरिकेत लोक घरात बंदूक ठेवतात, मग आपल्याकडे परवाना कशाला?"

मी त्याला १८७८ सालचा, लॉर्ड लिटनच्या काळातला शस्त्रांचा कायदा सांगितला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला माफी. या अपमानाविरुद्ध काँग्रेसने ठराव केले, ते योग्यच होते. पण शस्त्र एका वर्णाचे आणि सेवा दुसऱ्याची, हा कायदा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यात अर्ज करण्याचीही सोय नव्हती! या देशात खालच्या वर्गांनी बंड का केले नाही, याचे एक कारण बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त दिले आहे: त्यांच्या हाती शस्त्रच नव्हते.

कंपनीच्या मुंबई फौजेत महारांच्या हाती बंदूक आली. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती थांबली. दापोलीकडचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली सरकारकडे दाद मागितली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

अमेरिकेची गोष्टही वेगळी नाही. तेथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ साली संविधानात आला. पण व्हर्जिनियाच्या वसाहतीने १६४० सालीच निग्रोंना शस्त्रांतून वगळले होते.

मग आता प्रत्येक घरात बंदूक हवी काय? तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार आहे. आणि महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. परिषदेला आलेल्यांत फौजेत राहिलेले लोक होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली.

"आणि कोर्टाने सोडले असते तर?" मुलगा म्हणाला.

मी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढला. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, असा भेद बाबासाहेबांनी त्यात दाखविला आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणाऱ्याला कसली गरज? हे मुलांना लगेच पटले. पण खरी गरज कोणती आणि ती ठरवायची कुणी, यावर तास संपला तरी वर्ग भांडत होता. मीही अजून विचार करतो आहे.